सीतादहीची रजा

राळेगावच्या निवासात मी अधीक्षक म्हणून रुजू झाले ती जूनमध्ये. दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. दसरा झाला आणि रजेचे अर्ज यायला लागले. पहिल्याच आठवड्यात चार आले, आणि चारही अर्जांत कारण एकच होतं: घरी सीतादही आहे.

सीतादही मला माहीत होती. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात शिंपडतात, पूजा करतात आणि मग बाया वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून कामाला लागतात. सकाळचा तासाभराचा कार्यक्रम. म्हणून मी चारही अर्जांवर दोन-दोन दिवसांची रजा लिहिली. आमच्याकडे बायकांची आंघोळ-जेवणं बघणाऱ्या मावशी होत्या, सगळ्यांत जुन्या. त्या टेबलाशी उभ्या राहून बघत होत्या.

“मॅडम, दोन दिस नका लिहू.”

“मग किती लिहू?”

“होळीलोक लिहा.”

होळीपर्यंत! मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. दरवर्षी दसऱ्यानंतर घरची माणसं येत, चालत्या-फिरत्या बायकांना वेचणीला घेऊन जात आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झाली की परत आणून सोडत. अर्जात वेचणी लिहिता येत नाही, म्हणून सीतादही लिहायची. माझ्या आधीच्या बाईंनी हे चालू दिलं होतं आणि हजेरीपटावर सगळ्या बायका चार-पाच महिने हजर होत्या.

निवास म्हणजे गावाच्या टोकाला सिमेंटच्या पत्र्यांची एक लांबट इमारत. सोळा पलंग, एक स्वयंपाकघर, मागे हापसा. अठरा वर्षांवरच्या, बुद्धीनं कमी, एकट्यानं राहणं न जमणाऱ्या बायका तिथे राहत. मुलं लहान असतात तोवर त्यांच्यासाठी कुठे ना कुठे शाळा असते. अठरा पूर्ण झाली की शाळा हात वर करते, आणि मग बाभुळगावपासून मारेगावपर्यंतच्या लोकांना आमचे सोळा पलंग तेवढे ठाऊक. प्रतीक्षायादीचा कागद माझ्या खणात असायचा. त्यातली काही नावं वर्षानुवर्षं तशीच होती. म्हणून संस्थेचा नियम कडक होता: महिन्यात दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहिली, तर जागा रिकामी धरायची आणि यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची.

खोट्या हजेरीवर मी सही करणार नव्हते. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. तपासणी आली की सही करणारीच अडकते, हे मी आधीच्या नोकरीत पाहिलं होतं. मी फलकावर लिहून टाकलं: रजा जास्तीत जास्त दहा दिवस. पुढे जागा गेल्यास निवास जबाबदार नाही.

चारांपैकी तिघींच्या घरच्यांनी बडबड केली आणि दहा दिवसांची रजा घेतली. चौथीची वहिनी मात्र खुर्ची ओढून बसली.

ती चौथी पस्तीसेक वर्षांची असेल. ठेंगणी, मजबूत, कमी बोलणारी. भाचा एकदा तिला भेटायला आला आणि ‘आत्या, आत्या’ करत राहिला, तेव्हापासून सगळं निवास तिला आत्याच म्हणायचं. मीसुद्धा. आईबाप गेलेले. भाऊ पुण्याकडे बांधकामावर, वर्षातून दोनदा यायचा. तीन एकर कोरडवाहू वहिनी एकटीच बघायची. गाव राळेगावहून दीड कोसावर.

“दरसाली नेतो मी तिले, मॅडम,” वहिनी म्हणाली. “याच साली काय झालं?”

“नियम पूर्वीपासून आहे. या वर्षीपासून पाळायचा आहे.”

“बरं बाप्पा. पाळा. मी तिले होळीले आनून देतो.”

“तोवर तिच्या पलंगावर दुसरी बाई आलेली असेल.”

तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, “पावसायात मी कुठी ठेवू तिले? मी दिसभर निंदाले जातो. एकटी घरात राह्यली तं एक डाव चुलीत हात भाजून घेतला, एक डाव निंघाली ते तिसऱ्या गावात सापडली.”

“मग वेचणीच्या दिवसांत कशी सांभाळता?”

“तवा काय सांभायाचं? शेजारच्या ओयीत असते. डोयापुढं.”

हे खरं होतं, पण तेव्हा मला ते पळवाटीसारखं वाटलं. मी विचारलं, “चार-पाच महिने वेचून घेता. मजुरी देता का तिला?”

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार मूर्ख प्रश्न विचारला होता. “घरच्या मानसाले कोनी मजुरी देते का? मले कोन देते?”

मी अर्ज नामंजूर केला. माझ्या हिशेबानं मी आत्याची जागा वाचवली होती आणि फुकटची राबणूकही थांबवली होती. आत्याला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

ती वर्षं अशी होती, की आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. कापसाला भाव नव्हता, वरून पिकावर लाल्या रोग पडलेला. पाहणीला आलेल्यांच्या पांढऱ्या गाड्या आमच्या दारावरून खेड्यांकडे जात. आमच्याकडे बघायचं त्यांना कारण नव्हतं आणि आम्हालाही त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. पण वेचणीचे दिवस आले की भाव असो नसो, बोंडं फुटतातच, आणि फुटलेला कापूस झाडावर ठेवता येत नाही. बाया मिळवण्यासाठी शेतकरी आदल्या संध्याकाळी घरोघर फिरत. सकाळी साडेसातपासून ऑटो आणि मेटॅडोर बाया भरभरून आमच्या फाटकावरून जात.

आत्या आंघोळ करून, जुन्या लुगड्याच्या तुकड्याची ओटी कमरेला बांधून फाटकाशी उभी राहायला लागली. रोज. गाड्या जाईपर्यंत उभी, मग दहाच्या सुमारास आत. त्रागा नाही, रडणं नाही. आमच्याकडे पायपुसणी विणायचं काम चालायचं, त्याला ती हात लावेना. मग दुपारचं जेवण सुटलं. मग सकाळचाही चहा तेवढाच.

ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलं. काही नाही म्हणाले. टॉनिक दिलं. टॉनिक ती पाणी घालून हापशापाशी ओतून द्यायची.

महिन्याच्या सुरुवातीला आम्ही सगळ्यांची वजनं घेत असू. आत्याला मशीनवर उभी केली. तिनं खाली काट्याकडे बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

“किती भरला?”

“त्रेचाळीस.” मागच्या महिन्यात सत्तेचाळीस होतं.

“कमी भरला,” ती म्हणाली आणि उतरली.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “बोला, काय बोलायचं ते.”

“मी काय बोलू? तुमाले सारं समजते. पन ह्या बाईनं जलमभर एकच काम केलं. ते तुमी काढून घेतलं अन् पायपुसनं देलं.”

माझा स्वभाव अडचण दिसली की तोडगा काढायचा. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका शेतकऱ्याला सांगून बैलगाडीभर पऱ्हाटी मागवली, बोंडांसकट उपटलेली. मागच्या अंगणात ती भिंतीला टेकवून ओळीनं उभी केली. म्हटलं, घ्या, वेचा, घरबसल्या वेचणी. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं. दुपारी चहाला संस्थेच्या कार्यवाहांना फोन करून सांगितलंसुद्धा.

आत्या आली. दोन्ही हातांनी, बोंडाला धक्का न लावता, कापसात वाळल्या पानाचा कण राहू न देता, तिनं ती अख्खी भिंत अर्ध्या तासात मोकळी केली. तिचे हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. इतकी वर्षं मी या जिल्ह्यात राहते, पण असं काम जवळून कधी बघितलं नव्हतं. मग ती पऱ्हाटीकडे बोट करून माझ्याकडे वळली.

“हे तं जाळाचं हाय.”

म्हणजे सरपण. उपटलेली पऱ्हाटी चुलीत घालतात, तिच्यात कोणी वेचणी करत नाही. स्वयंपाकघरातल्या बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले, दुसरं काय करणार. आठवडाभर आमचा भात त्याच पऱ्हाटीवर शिजला. आत्याचं जेवण मात्र सुटलेलं ते सुटलेलंच.

त्या रविवारी मी एसटीनं वहिनीच्या गावी गेले. न कळवता. घरी कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं शेताकडे हात केला.

शेतात वहिनीसोबत सहा-सात बाया वेचत होत्या. राळेगावहून ऑटोनं आलेली टोळी. तिची म्होरकी बाई बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, तोंडानं फटकळ. मला बघून तीच आधी बोलली.

“आल्या का वो सरकारी बाई? ओटी आनली का सोबत?”

“मी सरकारी नाही.”

“मंग तं हातभार लावाच.”

मी खरंच दीड-दोन तास वेचलं. बोटांच्या पेरांना बोंडांच्या नख्या टोचून रक्त आलं. चार वाजता बांधावर तिवईला काटा टांगला आणि एकेकीचं गाठोडं चढायला लागलं. आकडा मोठ्यानं सांगायचा, सगळ्यांनी ऐकायचा, आणि जिचा कमी तिला बोलून घ्यायचं, अशी पद्धत. एकीचं कमी भरलं तर म्होरकी म्हणाली, “रातच्यानं नवऱ्याचे पाय दाबत होती काय व? हात चालून नाई राह्यले तुहे.” माझं अडीच किलो भरलं. त्यावर कुणी काहीच बोललं नाही, इतकं ते कमी होतं.

मग म्होरकी वहिनीला म्हणाली, “तुही ननंद असती तं अठरा-वीस भरला असता. अन् कचऱ्याचा कन नाही.”

“तिचं गाठोडं वेगळं मोजता?” मी विचारलं.

“मोजतो ना. ती उभीच राह्यते काट्यापाशी. आकडा आयकल्याबिगर हालत नाई. आकडा तिले समजत नाई, पन आयकाचा असते.”

वहिनी खाली मान घालून कापूस पोत्यात दाबत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, “सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणली तर? रात्री निवासात. हजेरी खरी, जागा शाबूत.”

“रोज आनाचं-नेयाचं कोन करन?”

“ऑटो आमच्या फाटकावरूनच येतो.”

“ऑटोवाला काय फुकट आनन?”

“मजुरीतून जाईल.”

“मजुरी!” वहिनी ताठ झाली. “मॅडम, मजुरीच द्याची तं मी दुसरी बाई नाही लावनार का? माही स्वतःची ननंद, अन् मी तिले हप्त्याचे पैसे मोजू? भाऊ काय म्हनन तिचा?”

इथे मी भाषण देऊ शकले असते. म्होरकीनं ते काम माझ्याहून कमी शब्दांत केलं. “तू नको देऊ माय. मी नेतो तिले माह्या टोयीत. ज्याच्या वावरात जाऊ तो देईन. तुह्या वावरात आलो का तूही देशीन, जशी मले देतं तशी. नाही द्याची तं बोलवू नको आमाले. बाई पाह्य दुसरी, भेटते काय या दिवसांत.”

बाई मिळणार नव्हती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. वहिनीनं पोत्याचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाली, “अन् दिवाईले? दिवाईले तरी घरी नेऊ देसान का नाई?”

“दहा दिवस. नियमात बसते.”

“आठ बस झाले,” ती म्हणाली. “फराळाचं तेवढं खाऊन घेते अन् मंग ऑटोची वाट पाह्यते ते.”

कार्यवाहांना मी अर्ज लिहिला. त्यांचा एकच प्रश्न होता: काही झालं तर जबाबदार कोण? साप चावला, गाडी उलटली, कोणी काही केलं तर? प्रश्न रास्त होता. मी लिहून दिलं की मी. म्होरकीला निवासात बोलावून तिचा अंगठा घेतला, ऑटोवाल्याचा पत्ता घेतला, वहिनीची संमती घेतली. आणि या खेपेला आत्याला ऑफिसात बसवून विचारलं, जायचं का? ती उत्तर द्यायला थांबली नाही. उठली आणि ओटी शोधायला गेली.

पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले आणि लगेच परत आले. गहू दळायला पाठवायचे होते. संध्याकाळी सहाच्या आत ऑटो आला. आत्या दोन बायांच्या मध्ये बसल्या-बसल्या झोपली होती, केसांत कापसाचे धागे. उठवली तर उतरली आणि भाकरी मागितली. तीन खाल्ल्या. मावशी चौथी करायला बसल्या.

हे सगळ्यांना जमलं असं नाही. आत्याचं बघून आणखी दोघींच्या घरच्यांनी तशीच परवानगी मागितली. एकीला ऊन सोसेना, चौथ्या दिवशी चक्कर आली, तिला मी बंद केलं. दुसरीचा चुलता मजुरी परस्पर घेऊन जायला लागला, तिलाही बंद केलं. तिनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. तिचा राग मला अजूनही बरोबर वाटतो. पण चुलत्याला रोखायची दुसरी युक्ती तेव्हा माझ्याकडे नव्हती.

खरी अडचण आली ती पौषात. पडून असलेल्या जागा शोधायला संस्थेची माणसं तिच्या सगळ्या निवासांमधून न कळवता फिरत होती. यादीतल्या एका बाईच्या बापानं तक्रार केली होती, की राळेगावच्या निवासात पलंग रिकामे असताना आम्हाला ताटकळत ठेवतात. तक्रार अगदीच खोटी म्हणता येणार नव्हती. माझ्या आधीच्या वर्षांत तसं होतं. मी त्या बापाच्या जागी असते तर मीही केली असती.

कार्यवाह स्वतःच आले, सकाळी अकराला. निवृत्त मुख्याध्यापक, हातात हजेरीपट, खिशात दोन पेनं. पलंग मोजत निघाले. बाराव्या पलंगापाशी थांबले.

“ही कुठंय?”

“कामावर. अर्ज केला होता तुमच्याकडे, तीच.”

“अर्ज वाचला होता. पण पटावर ही हजर आहे.”

“रात्री इथेच असते. संध्याकाळी सहाला येते.”

“मॅडम, सगळीकडे मला असंच सांगतात. कोणी म्हणतं दवाखान्यात गेली, कोणी म्हणतं देवाला गेली.” ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. “दिवसा जी आपली आपण कामाला जाते, तिला निवासाची गरज काय, असं उद्या कोणी विचारलं तर? आणि गरज आहे म्हणता, तर ती दिवसभर बाहेर कशी? दोन्हीपैकी एक काहीतरी मला लिहावं लागेल. आणि कुठलंही लिहिलं तरी जागा जाते.”

“दोन्ही खरं आहे. तिला रात्री चूल नको, एकटेपण नको, जेवण कोणीतरी पुढ्यात वाढायला हवं. दिवसा तिला काम हवं. तुम्ही थांबा आणि बघा.”

“मला चारची गाडी आहे.”

“शेवटची सव्वासातला आहे.”

ते थांबले. मी त्यांना जेवायला वाढलं, मग किराण्याची बिलं दाखवली, मग गळक्या पत्र्यांचा विषय काढला. आयते सापडले होते. तिच्या वजनाची वहीसुद्धा पुढे ठेवली. सत्तेचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. त्यांनी ती वाचली आणि बंद केली. साडेपाचपासून आम्ही दोघं घड्याळाकडे बघत होतो आणि बघत नसल्यासारखं करत होतो. सहा वाजले. सव्वासहा झाले. नेमकं त्याच दिवशी ऑटो नाही. मी मनातल्या मनात यादीतल्या त्या बाईला बाराव्या पलंगावर झोपवूनही बघितलं. तिचंही नाव मला पाठ होतं.

साडेसहाला ऑटो आला. चाक पंक्चर झालं होतं. आत्या उतरली, हापशावर हातपाय धुतले, आत आली आणि सरळ आपल्या पलंगावर पाय लांब करून बसली. कार्यवाह समोरच उभे होते.

मावशी घाईनं म्हणाल्या, “अवं ऊठ ना, साहेब उभे हायेत!”

“मी दिसभर उभीच होती,” आत्या म्हणाली. “आता त्याले राहू दे थोडं.”

मला वाटलं, गेलं सगळं. कार्यवाह हसले नाहीत की रागावलेही नाहीत. ते उभेच राहिले, तिच्या पायांकडे बघत. नख्यांनी ओरबाडलेल्या पोटऱ्या, टाचांच्या भेगांत काळी माती. त्यांनी पट उघडला आणि बाराव्या ओळीत माझ्या ‘हजर’पुढे लिहिलं: निवासी, दिवसा मजुरीस जाते. सही केली. मग मला म्हणाले, संमतीपत्रांच्या नकला यवतमाळला पाठवा आणि पत्र्यांचा अर्ज वेगळ्या कागदावर करा. मी त्यांना स्टँडवर सोडायला माणूस दिला, कारण सव्वासातच्या गाडीला आता फार वेळ नव्हता.